खांद्याचा हिवाळा

उजवा हात कमरेच्या वर जाईनासा झाला, तेव्हा सर्वांत आधी मला माझ्या केसांचे ओझे जाणवले. तोवर नखे असतात, पापण्या असतात, तसे ते होते. आता पाठीवर पसरलेला तो गुंता कुणीतरी माझ्याकडे ठेवून विसरून गेलेल्या वस्तूसारखा वाटू लागला. डाव्या हाताने फणी कशीबशी फिरते. पण वेणीचे तीन पेड एका हाताने पडत नाहीत, आणि अंबाड्याची गाठ तर मुळीच बसत नाही. मोकळ्या केसांनी शाळेत जाणारी मास्तरीण बीबीसारख्या गावाने त्या काळी पाहिली नव्हती, आणि खपवूनही घेतली नसती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. मुलींना शिकवायला बाईच हवी, म्हणून माझी नेमणूक बीबीला झाली होती. मी मूळची मलकापूरची. आमच्या घरातली कामे गाड्यांच्या शिट्ट्यांवर चालत. नागपूरकडची गाडी गेली की आई हातातले काम टाकून उठे, मुंबईकडची आली की वडील जेवायला येत. आई-वडील गेले, घर भावाचे झाले, आणि मी या गाडी नसलेल्या गावात येऊन राहिले. येथे मेहकरकडून सुलतानपूरमार्गे एखादी मोटार धुळीचा पडदा ओढत येई आणि तो पडदा खाली बसेपर्यंत पुन्हा सारे निःशब्द होई. बाजाराचा दिवस सोडला, तर दुपारी वर्गात खडूचा आवाजदेखील मोठा वाटावा अशी ती शांतता होती. मला ती आवडत असे. ती मी स्वतः मिळवलेली होती.

पोळा होऊन गेल्यावर विहिरीच्या शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सरकला आणि खांद्याजवळचे हाड मोडले. मेहकरच्या डॉक्टरांनी हात छातीशी बांधून टाकला. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी तो सोडला, तेव्हा तो माझ्या अंगाला लटकत राहिला, वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यासारखा जड.

“हाड जुळलं आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण सांधा थिजला आहे. रोज सकाळी व्यायाम, रोज संध्याकाळी व्यायाम. दुखेल, तरी करायचा. थंडी संपायच्या आत हात डोक्यावर गेला पाहिजे. नाहीतर जिथं आहे तिथंच राहील.”

व्यायाम तीन होते. कमरेत वाकून हात खाली सोडायचा आणि घंटेच्या लोलकासारखा झुलवायचा. तुळईवरून दोरी टाकून तिचे एक टोक दुखऱ्या हातात धरायचे, दुसरे चांगल्या हाताने ओढायचे. आणि तिसरा, सर्वांत कठीण: भिंतीसमोर उभे राहून बोटे एकामागून एक वर चढवीत न्यायची, मुंगी चढते तशी, आणि जिथे खांदा ओरडेल तिथे थोडा वेळ थांबायचे.

दिवाळीला दादा आला. माझा थोरला भाऊ मलकापूरला एका कापूस व्यापाऱ्याच्या गादीवर कारकून होता. त्याच्या कपड्यांना सरकीचा आणि गोणपाटाचा वास येई. तो आला तेव्हा मी डाव्या हाताने भाकरी थापण्याचा प्रयत्न करीत होते. त्याने ती थोडा वेळ पाहिली. भाकरीला नदीच्या काठासारखा आकार आला होता.

“एकटीनं किती दिवस काढशील?” तो म्हणाला. “पाणी कोण ओढणार? फळ्यावर कसं लिहिणार? राजीनामा दे अन् चल घरी.”

“हात बरा होईल, दादा.”

“अन् नाही झाला तर?”

मी भाकरी तव्यावर टाकली. तो चांगला होता, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हते.

“शिवरात्रीला येतो,” शेवटी तो म्हणाला. “तोवर वर झाला, तर राहा तुझी तू. नाही झाला, तर सामान बांधून ठेव. अन् मग हट्ट नको.”

वहिनीही चांगली होती. त्या घरात मला कुणी काही बोलले नसते. पण ज्या घरात आपल्याला कुणी काही बोलत नाही, तिथे आपणही हळूहळू कमी बोलू लागतो. पायांचा आवाज कमी करतो, हसण्याचा कमी करतो, आणि एक दिवस आपण कुठल्या खोलीत आहोत हेच कुणाला कळेनासे होते. आमच्या आत्याचे तसे झालेले मी लहानपणी पाहिले होते. दादाची मोटार गेल्यावर मी भिंतीपुढे उभी राहिले आणि बोटे चढवू लागले. ती छातीपर्यंतही गेली नाहीत.

माझ्या खोलीची मालकीण शेजारच्याच घरात राही. तिला मी मावशी म्हणत असे. तिचा नवरा कापूस फुटल्यापासून रात्री शेतात जागलीला जाई आणि एकुलती लेक जालन्याच्या बाजूला नांदत होती. माझा हात बांधला गेल्यापासून माझी वेणी मावशी घालू लागली होती. उजाडता उजाडता मी तिच्या चुलीजवळ जाऊन बसे. चुलीत पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची, वाळलेली खोडे तडतडत. त्यांचा धूर डोळ्यांना झोंबे आणि मागाहून गोडसर वाटे. थंडीने बाटलीतले खोबरेल पांढरे दगड झालेले असे. ती बाटली निखाऱ्यांपाशी ठेवायची, तेल कडेकडेने पारदर्शक होऊ लागले की तळहातावर घ्यायचे, आणि मग तिची ती राठ, कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली बोटे माझ्या डोक्यातून फिरू लागत. आई गेल्यावर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. मला ते त्या चुलीपाशी बसेपर्यंत ठाऊकही नव्हते.

“माही पोरगी नांदाले गेली, तवापासून या हाताले केसच भेटले नाई,” मावशी म्हणे. “तुमचे तं घोड्याच्या शेपटासारखे हायेत बाई. हालू नोका.”

तिच्याकडे माझ्या खांद्यावर इलाजही होता. “उसण हाये थे. आपल्या गल्लीत थे पायाळू हाये ना, पायाकडून जल्मलेली? तिची एक लाथ खाल्ली का मोकळा होते खांदा.”

“मावशी, हाड मोडलं होतं. उसण नाही.”

“हाडाले का लाथ चालत नाई?”

“चालते की. पुन्हा मोडायला चालते.”

ती इतकी हसली की तळहातावरचे तेल माझ्या मानेवरून पाठीत उतरले.

मार्गशीर्ष लागला आणि थंडी खरी सुरू झाली. हिवाळ्यात व्यायामाचा निश्चय टिकवणे किती अवघड असते, हे ज्याने केवळ आळसाने अंथरूण धरले असेल त्याला अर्धेच कळेल. पहाटे माझा खांदा माझ्या आधी जागा होई. गोधडीच्या आत तो एकटाच गार असे, कुणी दगड निजवून ठेवल्यासारखा. उठून गोधडी बाजूला केली की मातीच्या भिंतींनी रात्रभर साठवलेला गारठा अंगावर येई. भिंतीला बोटे लावली की पांढऱ्या मातीची भुकटी नखांत जाई आणि तिचा ओलसर, जुन्या पावसासारखा वास येई. पहिल्या काही वितींत डोळ्यांत पाणी उभे राही. आणि मिळकत काय? कालच्याहून नखभर उंची. पुष्कळदा तीही नाही. दिव्याच्या उजेडात कुणी पाहत नसे, कुणी विचारत नसे. आज नाही केले तर काय होईल, हा प्रश्न रोज पहाटे माझ्या उशाशी येऊन बसे, आणि त्याला माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. शिवरात्र दूर होती. गोधडी जवळ होती.

मग मी एक युक्ती काढली. दुखणे किती वेळ सोसायचे याला काही माप हवे होते, आणि माझ्याजवळ छंदांखेरीज दुसरे माप नव्हते. ओवीचे चरण साडेतीन. तीन चरण म्हणता म्हणता बोटे चढवायची, आणि उरलेला अर्धा चरण जिथे पोहोचले तिथे थांबून म्हणायचा. पाठ असलेल्या ओव्या संपल्या तेव्हा मी मनाने जुळवू लागले. त्यांत फारसे काही नसे. धुके, तुरीची शेंग, हंड्यावरची वाफ. पण अर्धा चरण पुरा होईपर्यंत मी हात खाली घेत नसे. मधेच कुणी हाक मारली, तर चरण तुटेल या भीतीने ओही देत नसे. अशी मी पूर्वेकडच्या भिंतीसमोर, कारण तेवढी एकच भिंत मोकळी होती, रोज उजाडायच्या आधी उभी राहू लागले.

त्याच सुमारास गल्ली माझ्यापासून दूर सरकू लागली. काय बदलले ते मला कळेना. दारावरून जाणाऱ्या बायका पूर्वी “बाई, च्या झाला का?” असे विचारून पुढे जात, आता त्या माझ्या दाराशी आल्या की आवाज खाली आणीत. मुले माझ्या ओट्यावर खेळेनाशी झाली. एकदा ओट्यावर झेंडूची चार फुले ठेवलेली दिसली. कुणाची पडली असतील म्हणून मी ती बाजूला केली. संक्रांतीला साऱ्याजणींनी तिळगूळ माझ्या हातावर दारातूनच ठेवला, उंबरठ्याच्या आत कुणीही पाऊल टाकले नाही. मी तो वर्गातल्या मुलींना वाटून टाकला. शाळेतही मी फळ्याच्या खालच्या निम्म्या भागावर लिहीत असे. मागच्या मुली उभ्या राहून वाचत आणि त्याबद्दल चकार शब्द काढीत नसत. सगळ्यांच्या त्या समजूतदारपणात मी एकटी पडत गेले.

सर्वांत जास्त लागले ते मावशीचे. तिने मला चुलीपाशी बोलावणे बंद केले. “तुमी नोका येऊ, मीच येते,” म्हणाली. आता तीच माझ्या दारात येई, व्यायाम संपेपर्यंत बाहेर उभी राही, मग आत येऊन मला पाटावर बसवी आणि मुकाट्याने वेणी घाली. गावातली एकही बातमी नाही, लेकीच्या सासूची एकही तक्रार नाही. तिची बोटे विहिरीतल्या दोरासारखी गार असत. मानेला लागली की अंगावर काटा येई. तेल तसेच घट्ट असे आणि केसांवर मेणासारखे बसे. शेणगोठा आटोपून येत असेल, असे मी समजत होते. आणि मनात एक दुसरीही शंका होती: ती आता कंटाळली आहे. दुसऱ्याच्या थोराड मुलीचे केस रोज किती दिवस विंचरायचे?

त्या शंकेने मी ढिली पडले. सकाळचा व्यायाम एका ओवीवर आला, मग कधी कधी तोही राहू लागला. हात खांद्याच्या रेषेशी अडला होता आणि मला वाटे, अडू दे.

संक्रांत होऊन गेल्यावर एका पहाटे मला फार लवकर जाग आली. खोलीमागे पाणी पडल्याचा आवाज येत होता. तांब्यातून दगडावर, मग एक खोल, थरथरता श्वास, “शिव शिव शिव”, आणि पुन्हा पाणी. मी मागचे दार उघडले. मावशीच्या न्हाणीला तट्ट्याचा आडोसा होता आणि तो माझ्या दारासमोरच उघडा पडे. ती दगडावर उकिडवी बसली होती. शेजारी रांजण होता. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या त्या पाण्यात हात घालायला मी धजले नसते. लुगडे अंगाला चिकटले होते आणि तिचे दात वाजत होते.

“मावशी! एवढ्या थंडीत? अन् गार पाण्यानं?”

“हटा बाई, शिंतोडे उडतीन. झालंच माह्यं.”

“पण कशाला?”

“कायले म्हंजे? तुमच्या डोक्याले हात लावा लागते ना. पारोशानं कसा लावू?”

“पारोशानं लावला तर काय होईल?”

“तुमचं मोडंन ना!”

“माझं काय मोडेल?”

तिने आवाज खाली आणला. आजूबाजूला कुणी नव्हते, तरी. “अवं, थेच. जे धरलं तुमी. खिडकीतून दिसते सारं, साऱ्या गल्लीले ठाव हाये. पहाटंच उठता, उगवतीकडं तोंड करून उभ्या राह्यता, हात वर करता, तोंडानं पुटपुटता, मधात कोनी हाक मारली तं ओ देत नाई. मले का कोनी सांगा लागते? व्रतातल्या बाईले पारोशानं शिवू नये, एवढं तं कयते मले.”

मी तशीच दारात उभी राहिले. ती चार फुले, दारातला तिळगूळ, खाली आलेले आवाज, सारे एकदम आपापल्या जागी जाऊन बसले.

“मावशी, तो व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलेला.”

“व्यायाम?” तिने कोरडे लुगडे खांद्यावर ओढले. “तालमीतले पोट्टे करते, थो?”

“तसाच.”

“बायको मानसानं? जात्यावर बसावं, पानी भरावं, पऱ्हाटी येचावी, आन् वरून व्यायामही करावा?” तिने ओला पदर पिळला. “आन् तोंडानं काय म्हनता मंग?”

“ओव्या. कवितेच्या.”

“कविता म्हनल्यानं हात वर होते?”

“नाही. दुखणं किती वेळ सोसायचं, ते कळतं.”

“म्हंजे,” ती सावकाश म्हणाली, “इतके दिवस मी फुकटच कुडकुडून राह्यली?”

आणि ती हसू लागली. हसता हसता पुन्हा दात वाजू लागले. “सांगू नोका कोनाले. समोरच्या बुढीनं तुमच्या ओट्यावर फुलं ठेवले होते. माहे फुलं वाया गेले म्हनून भांडाले येईन थे.”

मी तिला घरात ढकलत नेले, चूल पेटवली, एका हाताने चहा ठेवला. ती कंटाळलेली नव्हती. इतके दिवस ती माझ्यासाठी अंधारात रांजण रिकामा करीत होती.

“उद्यापासून गार पाणी नाही,” मी म्हणाले. “मी पारोशीच बरी आणि तुम्हीही.”

मावशीने बशीतला चहा फुंकला आणि माझ्याकडे पाहिले नाही.

“तुमचं नसंन व्रत, बाई. पन मी तं बोलली ना महादेवाले. बाईचा हात वर होईस्तोवर थंड्या पान्यानं न्हाईन म्हनून. थो का मले विचारून राह्यला, व्यायाम हाये का व्रत हाये?”

“पण ते चुकून झालं.”

“बोललेलं मांगं घेता येते का?”

यावर मी पुष्कळ बोलले. देव समजून घेईल, म्हणाले. “थो समजंन,” ती म्हणाली, “पन मी कशी समजू?” तिने बशी पालथी ठेवली, म्हणजे विषय संपला.

त्या दिवसापासून अंथरुणात पडून राहणे ही माझी एकटीची गोष्ट राहिली नाही. पौषातला तो गारठा अजून मला आठवतो: तुरीच्या शेंगांवर दहिवर, कापसाची शेवटची बोंडे ओलाव्याने मिटलेली, आणि दूरच्या खळ्यांवरून येणारा धुराचा वास. पहाटे माझी जाग गोधडीच्या उबेत रेंगाळे आणि तेवढ्यात मागे तांब्या वाजे. पहिले पाणी दगडावर पडले की त्याचा आवाज माझ्या पाठीतून जाई. मी उठे. पूर्वीचा तो प्रश्न, आज नाही केले तर काय होईल, आता उशाशी येत नसे. कारण उत्तर बाहेर न्हाणीत कुडकुडत बसलेले असे. माझी एक टाळलेली सकाळ म्हणजे तिची एक वाढलेली आंघोळ. मी ओव्या म्हणायचेही सोडून दिले. तिच्या तांब्यांच्या लयीवर बोटे चढवू लागले: पाणी पडले की एक पेर वर, ती श्वास घेई तेवढा वेळ थांबायचे, मग पुन्हा पाणी.

आणि तरीही हात चढेना. कानाच्या उंचीशी येऊन तो अडला, तो अडलाच. कितीतरी सकाळी बोटे भिंतीवर एकाच जागी येऊन थांबत. तेथली पांढरी माती झिजून आतली तांबडी दिसू लागली. मावशीला खोकला झाला. आधी कोरडा, मग छातीतून येणारा. वेणी घालताना ती तोंड बाजूला वळवी आणि तिचा हात माझ्या केसांत थांबे. मी काढा करून देई, ती पिऊन टाकी, तोंड वाकडे करी आणि म्हणे, “तुमच्या हातापेक्षा हाच लवकर वर येऊन राह्यला, घशातून.” पण आंघोळ चुकवीत नसे. रात्री मी तिच्या खोकल्याचे आवाज ऐकत पडून राही आणि आपला खांदा चाचपीत राही. मलकापूरचे ते घर, तिथली ती खोली, त्या भीतीने मला दिवाळीनंतर थोडे दिवस उठवले होते, मग ती भीती विरून गेली होती. एका बाईच्या खोकल्याने मात्र मला संध्याकाळी, दुपारच्या सुटीत, शाळेतून आल्या आल्या, जेव्हा सापडेल तेव्हा त्या भिंतीपुढे उभे केले.

माघ अर्धा सरला होता. एका पहाटे मी बोटे चढवली, ती नेहमीच्या जागी आली, आणि खांद्यात काहीतरी सुटले. मोडल्यासारखा आवाज झाला नाही. सुंभाच्या गाठीचा एखादा पेड सैल पडावा तसे झाले. हात वर गेला. मी तो तिथून मागे नेला आणि बोटे मानेवर टेकली. माझी स्वतःचीच मान, पण किती दिवसांनी. तिथले लहान केस मऊ होते, कोमट होते. मी ते चाचपीत उभी राहिले. बाहेर तांब्या वाजत होता.

मग तो थांबला, आणि मला कळले की आता ती येईल, मला पाटावर बसवील, तेलाची बाटली घेईल. क्षणभर मी हात खाली घेतला. तो आपोआप खाली आला असे म्हणावेसे वाटते. एवढ्या हिवाळ्यात मला जे मिळाले होते ते त्या पाटावरच मिळाले होते, आणि ते संपवण्यासाठीच मी रोज उठत होते, हे त्या क्षणी पहिल्यांदा मला स्पष्ट दिसले.

ती दारात आली. पदराच्या टोकातून उंबरठ्यावर थेंब पडत होते. तिने तोंड वळवले आणि खोकली.

“मावशी,” मी म्हणाले, “हे पाहा.” आणि हात वर नेला.

ती पाहतच राहिली. मग जवळ आली आणि माझे बोट ओढून पाहिले, खोटे तर नाही ना अशा नजरेने. “मानंवर न्या. गाठ मारून दाखवा.”

मी दोन्ही हात मागे नेले आणि केस गुंडाळले. अंबाडा सुटला. पुन्हा गुंडाळला, तो ढिला बसला, पण बसला. खांद्यातून निखारा फिरवावा तशी कळ गेली. मावशी फणी हातात घेऊन उभी होती आणि तिला ती कुठे ठेवावी ते सुचत नव्हते.

“झालं मंग,” ती म्हणाली. शेवटी तिने फणी पाटावर ठेवली. “ऊन पानी ठेवते आता. हंडाभर. माहे हाडं थिजले, बाई.”

त्या दिवशी तिने महादेवाला नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, उजव्या. समोरच्या म्हातारीला तिने सांगितले की बाईचे व्रत पुरे झाले. मी ते खोडून काढले नाही. दोन-चार दिवसांतच मुले ओट्यावर खेळू लागली.

शिवरात्रीला दादा आला. वळकटी बांधायला त्याने नवी सुतळी आणली होती. मी फळीवरचा डबा उतरवून चहाची साखर काढली, त्याने ते पाहिले. माझ्या अंबाड्याकडे पाहिले. मावशी दारात उभी राहून त्याला सांगत होती, “बाईनं लय केलं, भाऊ. झोप नाई पाह्यली, थंडी नाई पाह्यली.” स्वतःबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, मी बोलू लागले, तर डोळ्यांनी मला गप्प केले.

“बरं झालं,” दादा म्हणाला. चहा संपल्यावर त्याने सुतळी पिशवीत ठेवली. मोटार यायला अवकाश होता आणि आम्ही दोघे झाडाखाली उभे राहिलो. “तुझ्या वहिनीनं खोली सारवून ठेवली होती,” तो म्हणाला. रागाने नव्हे, सांगायचे राहिले होते म्हणून. मी त्याला काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. मोटार आली, तो खिडकीपाशी बसला, आणि धुळीचा पडदा खाली बसेपर्यंत मी तिथेच होते.

डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंत व्यायाम सोडू नका, असे सांगितले होते. मी सोडला नाही. पण सकाळी मागून पाण्याचा आवाज येत नसे. मावशीची चूल पेटल्याचा आवाज येई, हंडा ठेवल्याचा. ती उबदार पाण्याने न्हाई आणि तिचा खोकला हळूहळू कमी झाला. मी भिंतीपुढे उभी राहून पुन्हा ओव्या जुळवू लागले. आता कुणी माझी वाट पाहत नव्हते, कुणी माझ्यासाठी कुडकुडत नव्हते. उठायचे ते केवळ हात माझा आहे म्हणून. त्या उठण्याला पूर्वीची धार नव्हती. पण मी उठत होते, आणि ते पुष्कळ झाले असे मी स्वतःला सांगत होते. मावशी येईनाशी झाली यात तिचे काही चुकले नव्हते. वेणी घालायला येण्याचे कारण उरले नव्हते, आणि कारणावाचून एकमेकींच्या घरी जाऊन बसण्याइतका वेळ शेतकऱ्याच्या बाईला कधी असतो? कापसाची वेचणी संपली होती, हरभरा काढणीला आला होता.

एका सकाळी मी शाळेत जायला दाराला कडी लावीत होते. मावशी मळ्याकडून येत होती. डोक्यावर हरभऱ्याचा हिरवट-पिवळा भारा, दोन्ही हात भाऱ्याला, पानांवरच्या आंबट दवाचा ओलावा पदरावर उतरलेला. माझ्यासमोरून जाताना तिने मान न हलवता माझ्याकडे पाहिले.

“बाई, भांग वाकडा पडला.”

“फार?”

“नाई. थोडासाच. कोनाले दिसत नाई,” ती म्हणाली आणि न थांबता वळणावरून गेली. तिच्या मागे रस्त्यावर हरभऱ्याचा आंबट वास रेंगाळत राहिला.

फणी आतच होती. हात वर जात होता. मला तो नीट करता आला असता. मी पदर सारखा केला, भांग तसाच राहू दिला आणि शाळेची वाट धरली.